कपाट उघडतंय की! मग डिस्ट्रॉइड कसं?

प्रश्न : सर, शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छपाईचं दुकान आहे. पावसाळ्यात कमरेइतकं पाणी शिरलं. विमा कंपनीला इंग्रजीत मेल करायचाय. मी लिहिलंय, 'फ्लड मेड हेवी डॅमेजेस.' भाचा म्हणतो, 'डिस्ट्रॉइड' टाका, वजन पडतं. मोबाइल 'डिव्हास्टेटेड' सुचवतोय. आणि शेवटी 'आय अ‍ॅम ब्रोकन' लिहिलं तर चालेल का?
(एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : आधी 'डॅमेजेस'चं अनेकवचन काढा. डॅमेज म्हणजे नुकसान. एक यंत्र भिजो की दहा, ते डॅमेजच राहतं. 'डॅमेजेस' म्हणजे कोर्टानं द्यायला लावलेली नुकसानभरपाई. तुमच्या वाक्याचा अर्थ पुरानं भरघोस भरपाई दिली असा होऊ लागलाय, आणि इतकी उदार पंचगंगा आपण काही अजून पाहिलेली नाही. शिवाय 'मेड' नको, 'कॉज्ड' लिहा.

भाच्याचं मात्र ऐकू नका. हा शब्द मी स्वतः वापरून बसलोय. 2019 च्या ऑगस्टात कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 43 फुटांची. आमच्या तळमजल्यावर चार दिवस पाणी होतं. एकतीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळं अर्ज झोकात लिहिला : 'ऑल फर्निचर वॉज डिस्ट्रॉइड.' सर्व्हेअर आला तो गाळात चप्पल रुतत असतानाही थेट वडिलांच्या सागवानी कपाटापाशी गेला. कडी ओढली. दार करकरत उघडलं. आत जुन्या खतावण्यांचा लगदा झालेला. त्यानं दार लावलं, परत उघडलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, कपाट उघडतंय की! मग डिस्ट्रॉइड कसं?"

काय बोलणार? डिस्ट्रॉय म्हणजे ती वस्तू, वस्तू म्हणून उरलीच नाही. कपाट डॅमेज्ड होतं, खतावण्या डिस्ट्रॉइड होत्या. पण मी सगळ्यांना एकच शब्द लावल्यानं झालं असं, की प्लायवूडचा दिवाण खरोखर फुगून उकलला होता, त्याच्यावरही त्या गृहस्थाचा विश्वास बसेना. दिवाणाचे पैसे गेलेच.

म्हणून तुम्ही एकेक वस्तू वेगळी लिहा. पत्रिकांचा कागद फुगून चिकटला असेल तर डिस्ट्रॉइड. छपाईच्या यंत्रात गाळ गेलाय पण मिस्त्री म्हणतो चालू होईल, तर डॅमेज्ड. मिस्त्रीनंच हात टेकले तर 'डॅमेज्ड बियाँड रिपेअर', आणि त्याची सहीची चिठ्ठी सोबत जोडा. चिठ्ठीचं वजन भाच्याच्या शब्दापेक्षा जास्त पडतं.

'डिव्हास्टेटेड' यंत्राला लावतच नाहीत. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ रिकामं, ओसाड करणं. तो गावाला, मुलखाला लागतो किंवा माणसाच्या मनाला. 2019 च्या पुरात नदीकाठची चिखली, आंबेवाडी ही गावं डिव्हास्टेटेड झाली म्हटलं तर शोभतं. आपल्याकडं त्याच्या जवळचा शब्द बेचिराख. यात राख आहे असं पुष्कळांना वाटतं, पण मूळ फारसी शब्द 'बेचिराग', चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लावायलाही कुणी उरलं नाही, ते गाव बेचिराग. महसुली दप्तरात ओसाड गावाला आजही हाच शब्द आहे, मग तिथं आग लागलेली असो वा नसो.

राहिलं 'आय अ‍ॅम ब्रोकन'. त्याचा अर्थ मी मनानं मोडलोय. खिशात दमडी नाही, कफल्लक झालोय, हे सांगायला 'ब्रोक'. पण तो चहाच्या गाड्यावरचा शब्द आहे. तुमच्या मेलमध्ये दोन्ही नकोत. विमा मालाचा उतरवलाय.

प्रश्न : केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा कुठं 'गटेड' वाचलं, कुठं 'रेझ्ड'. बरोबर काय?
(एक नाट्यप्रेमी, मंगळवार पेठ)

उत्तर : गटेड. गट म्हणजे आतडी. मासा साफ करताना पोट फाडून आतलं काढतात, तीच क्रिया. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री रंगमंच, छत, आतलं सगळं गेलं आणि शाहू महाराजांच्या काळातल्या दगडी भिंती उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी खासबागेच्या बाजूनं गेलो होतो. भिंतीमागून अजून वास येत होता आणि शेजारी उभे असलेले दोन पोक्त नट काही न बोलता नुसते वर बघत होते. रेझ्ड म्हणजे जमीनदोस्त. दाढीचा रेझर त्याच मुळातला. वस्तऱ्यानं साफ केल्यासारखं, काही उभं नाही. 'उभारलं' या अर्थाच्या रेझ्डचा उच्चारही हाच, तेव्हा बोलताना सांभाळून.

प्रश्न : 'डेसिमेट'मध्ये दहा आहेत म्हणे. मग 'टोटली डेसिमेटेड' चूक ना?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : दहा आहेत. रोमन सैन्यात तुकडीनं कच खाल्ली की दर दहातला एक चिठ्ठी टाकून मारत. पण आज इंग्रज माणूस तो 'बराचसा नाश' या अर्थानं वापरतो, दहा मोजत बसत नाही. 'टोटली' नको. सगळंच गेलं असेल तर दुसरा शब्द घ्या.

प्रश्न : मी पतसंस्थेत वसुली बघते. इन्सॉल्व्हंट, बँकरप्ट, लिक्विडेशन, राइट ऑफ, सगळ्याला आमच्याकडं 'बुडाला' म्हणतात. इंग्रजी टिपणीत कोणता शब्द कुठं?
(एक वाचक, कागल)

उत्तर : बाई, प्रश्न आवडला. आपली मराठी पैशाच्या बाबतीत पाण्यातच राहते : बँक बुडाली, ठेवी बुडाल्या, बुडीत खातं. इंग्रजीत मात्र बहुतेक मोडतं किंवा पडतं. बँकरप्ट इटालियनमधून आला, अर्थ 'मोडलेला बाक', सराफ ज्यावर बसून व्यवहार करायचा तो. ब्रोक मोडलेला, क्रॅश आदळलेला, आणि रुइनचं मूळ लॅटिनमध्ये 'कोसळणं'.

इन्सॉल्व्हंट ही अवस्था : देणं फेडायची ताकद उरली नाही. बँकरप्ट हा कायद्याचा शिक्का. त्यातही इंग्लंडमध्ये तो फक्त माणसावर मारतात, कंपनीवर नाही. अमेरिकेत कंपनीही बँकरप्ट होते. आपल्या 2016 च्या संहितेच्या नावात म्हणूनच नादारी आणि दिवाळखोरी हे शब्द वेगवेगळे आहेत. लिक्विडेशन म्हणजे असलेलं विकून रोख करायचं आणि देणी भागवायची. सहकारात त्याला अवसायन म्हणतात हे तुम्हाला मी सांगायला नको. राइट ऑफ म्हणजे पुस्तकातून काढलं, माफ केलं नव्हे. वसुली चालूच राहते. माफीला 'वेव्हर'. या दोन शब्दांच्या गोंधळात गावोगावी भांडणं झालीत.

दिवाळं शब्दाची गोष्ट सांगतात ती अशी, की व्यापारी बुडाला म्हणजे भरदिवसा पेढीवर दिवा लावायचा, घेणेकऱ्यांना आपोआप कळायचं. दिवा विझला की बेचिराख आणि अवेळी लावला की दिवाळं! पण पुढं जो 'खोर' लागतो तो वाईट. लाचखोर, भांडखोर, दिवाळखोर. जणू माणसाला सवयच आहे. माझ्या वडिलांची गुळाची अडत होती. दोन हंगाम उधारी अडकली आणि गादी गुंडाळावी लागली. बाजारात दिवाळखोर म्हणायचे त्यांना. त्याच वर्षी शाळेत माझी फी माफ झाली, तिला तेव्हा नादारी म्हणत. ना-दार, म्हणजे ज्याच्याजवळ नाही तो, एवढाच अर्थ. अर्जावर सही करताना वडिलांनी तो शब्द दोनदा वाचला आणि मग टाक उचलला.

तुमच्या टिपणीत हप्ता थकवणाऱ्याला 'डिफॉल्टर' लिहा. ऐपतच उरली नाही असं कागदपत्रांवरून दिसत असेल तर 'अनेबल टू पे'. बँकरप्ट लिहू नका, तो शिक्का कोर्टानं मारायचा असतो.