चेलो हरवतो कुठे?

प्रश्न : माझी मुलगी पियानो वाजवते. तिने आणि दोघा मित्रांनी मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराच्या डी मायनर ट्रिओची (पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांच्या रचनेची) पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, परदेशातल्या प्रवेशासाठी रेकॉर्ड करून घेतली. तीन वाद्यांना तीन माइक होते, तरी चेलो (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ) ऐकूच येत नाही. वाढवला की नुसता घुमतो. पुन्हा रेकॉर्ड करायचंय. काय बदलू?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, तुमची फाइल दोनदा ऐकली. मुलं छान वाजवतात, म्हणून जास्तच चुटपुट लागली. हा ट्रिओ सुरूच होतो चेलोच्या सुरावटीने. पियानो खालून नुसते हिंदकळणारे कॉर्ड देतो. तुमच्या फाइलमध्ये मात्र कोणीतरी शेजारच्या खोलीत गुणगुणतंय असं वाटतं.

रेकॉर्डिस्टला फार बोलू नका. माझं आयुष्य ख्याल-ठुमरी रेकॉर्ड करण्यात गेलं. गळ्याला एक माइक, तबल्याला दोन, पेटीला एक, असा हात वळलेला. पहिला ट्रिओ मीही तसाच घेतला आणि तिघं तीन गावांहून फोनवर वाजवतायत असं काहीतरी घरी घेऊन आलो.

हा ट्रिओ 1839 चा. फर्डिनांड हिलर या मित्राने टोकल्यावर मेंडेल्सनने पियानोचा भाग नव्याने, आणखी झगमगीत लिहिला. पण तो त्या काळच्या हलक्या, सूर पटकन विरणाऱ्या पियानोसाठी. आजच्या ग्रँड पियानोवर डावा हात चेलोच्याच सप्तकात दणकून बोलतो. तिथे फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर करून काय होणार? चेलोच्या माइकमध्येही अर्धा पियानोच शिरलेला असतो.

तेव्हा माइक नाही, माणसं हलवा. पियानो मागे, त्याच्या पोटाशी डावीकडे व्हायोलिन, उजवीकडे चेलो, चेलोचं तोंड सरळ समोर. पियानोखाली जाड सतरंजी घाला. चेलोखाली मात्र काही नको, त्याची खालची दांडी उघड्या लाकडी फळीवरच टेकू दे. फळीही थोडी बोलते. पियानोचं झाकण बंद करायचा मोह होईल, करू नका, गोधडीत गुंडाळल्यासारखा आवाज येतो. समोर दोन-अडीच मीटरवर, माणसापेक्षा उंच स्टँडवर दोनच कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारे) माइक लावा : मध्ये 17 सेंटिमीटर, कोन 110 अंश. पहिले वीस बार (नोटेशनमधले मात्रांचे खण) वाजवून घ्या, ऐका, चेलोची खुर्ची वीतभर पुढे घ्या, पुन्हा ऐका. यात तास गेला तरी जाऊ दे. एवढं करूनही कमी पडला तर चेलोजवळ एक माइक ठेवा, पण मिक्समध्ये त्याचा आवाज अगदी बारीक. आणि तो मुख्य जोडीपेक्षा दोन मीटर जवळ असेल तर त्याला सहा मिलिसेकंद उशीर द्या, नाहीतर चेलो पुढे उडी मारल्यासारखा वाटतो.

मुलांना कोर्तो (पियानो), तिबो (व्हायोलिन) आणि कासाल्स (चेलो) यांचा शूबर्टचा बी फ्लॅट ट्रिओ ऐकवा. लंडनला 1926 साली घेतलेला. मेणाच्या तबकडीवर एका दमात चारेक मिनिटं, अशा आठ बाजू. चुकलं तर ती बाजू पहिल्यापासून. नंतर कापाकापी नाही की चेलो वर काढणं नाही. दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये कासाल्स सुरुवात करतो तेव्हा कोर्तो किती आवरून वाजवतो ते लेकीला मुद्दाम ऐकू द्या. (आपल्या जुन्या बुवांनी तीन मिनिटांत राग बसवला, त्यातलीच ही जात.) तुमच्या फाइलमधला निम्मा गोंधळ तिच्या डाव्या हाताचा आहे, रागावू नका.

रेकॉर्डिंग रात्री दहानंतर ठेवा, पंखे बंद. माझ्या एका टेकमध्ये संथ मूव्हमेंटभर कोकिळा आहे. ट्यूनरला त्याच दिवशी बोलवा, तेही हॉलचा एसी तासभर चालल्यावर. पानं उलटणारीला बांगड्या काढून ठेवायला सांगा. आणि पियानोचं स्टूल आदल्या दिवशीच बसून बघा; तुमच्या फाइलमध्ये चौथ्या मिनिटाला करकरतंय ते तेच.