टिकली, काळी मेंदी आणि बिब्बा : त्वचेच्या ॲलर्जीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ४९ आहे. गेली पंचवीस वर्षे मी रोज टिकली लावते. कधीही त्रास झाला नाही. मात्र दिवाळीपासून टिकलीच्या जागी खाज सुटून पुरळ येऊ लागले आणि आता तेथे पांढरा डाग दिसतो आहे. घरात मुलीच्या लग्नाचे पाहत असल्यामुळे हे कोड असेल का, या काळजीने झोप लागत नाही. — एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी आपल्या काळजीविषयी. डाग टिकलीच्या जागीच आणि खाजेनंतर आला असेल, तर पहिला संशय टिकलीमागच्या गोंदावर घ्यावा लागतो. या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल या रसायनापासून केलेली राळ अनेकदा वापरलेली असते. हे रसायन दोन प्रकारे त्रास देते : काहींना त्याची ॲलर्जी होते, आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाही ते थेट इजा करू शकते. असा डाग आनुवंशिक नसतो. टिकली वेळीच बंद केल्यास काही महिन्यांत रंग परत येण्याची शक्यता असते. डाग कपाळापलीकडे इतरत्र दिसू लागले, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडून नीट तपासणी करून घ्यावी. आणि ते कोड निघाले, तरी ते स्पर्शाने पसरत नाही. त्यापायी मुलीचे लग्न अडावे असे त्यात काहीही नाही, हे मी मनापासून सांगते.

‘पंचवीस वर्षे काही झाले नाही, मग आताच कसे?’ हा प्रश्न दवाखान्यात मला रोज ऐकावा लागतो. स्पर्शाने होणारी ॲलर्जी पहिल्या दिवशी सहसा होतच नाही. त्वचेतून आत गेलेले रसायन शरीराची प्रतिकारयंत्रणा कधीतरी ‘परके’ म्हणून ओळखून ठेवते. ही ओळख पटायला काही आठवडे लागतील किंवा कित्येक वर्षे. एकदा ती पटली, की पुढच्या प्रत्येक स्पर्शानंतर साधारण एक ते तीन दिवसांत खाज, लाली, पुरळ सुरू होते. मधल्या या अंतरामुळेच आपण परवाची वस्तू विसरतो आणि कालच्या वांग्याच्या भाजीला दोष देतो.

डागाचा आकार पुष्कळदा कारण सांगून जातो. बेंबीखाली जीन्सच्या बटणाएवढा चट्टा किंवा मनगटावर घड्याळाच्या बकलाएवढी खूण दिसली, की निकेल या धातूचा संशय येतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या कपाळावर तर टिकलीची गोल कडा पेन्सिलीने आखल्यासारखी उमटली होती. न्हाणीघराच्या आरशावर चिकटवून ठेवलेली टिकली त्या रोज पुन्हा लावत आणि गोंद सुटू लागला, की त्यावर दुसरा चिकटपदार्थ लावत. त्यामुळे नेमके काय बाधले, हे शोधायला आम्हाला वेळ लागला.

आपण टिकली आजपासून बंद करावी. ती थोडी वर किंवा खाली लावून उपयोग नाही, कारण ही आठवण केवळ त्या जागेची नसून सर्व त्वचेची असते. बाजारातील कुंकवातही कृत्रिम रंग असू शकतात, तेव्हा डाग शांत होईपर्यंत तेही लावू नये. लिंबू, हळद यांचे लेप किंवा औषधाच्या दुकानातून आणलेले तीन औषधांचे मिश्र मलम लावू नये. त्यातील निओमायसिन या प्रतिजैविकाचीच ॲलर्जी असलेले रुग्ण मी पाहते, आणि स्टेरॉइडने कपाळाची त्वचा पातळ होते ती वेगळीच. कारण पक्के करण्यासाठी ‘पॅच टेस्ट’ असते. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या ४८ तास ठेवतात आणि त्या काढल्यावर, तसेच पुन्हा एक-दोन दिवसांनी, त्वचा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नसते. रक्ताच्या तपासणीतून ही ॲलर्जी कळत नाही, म्हणून त्यावर हजारो रुपये घालवू नयेत.

प्रश्न : आठ वर्षे मी ‘काळी मेंदी’ लावतो. हल्ली लावल्याच्या दुसऱ्या दिवशी पापण्या सुजतात. नैसर्गिक मेंदीने असे होते का? — एक वाचक, सांगली

उत्तर : मेंदीच्या पानांनी चढणारा रंग नारिंगी-तांबडा असतो. मेंदी थोड्याच वेळात केस काळेभोर करत असेल, तर तिच्यात बहुधा पॅरा-फिनिलिन-डायअमाइन, म्हणजेच पीपीडी, मिसळलेले असते. वेष्टनावरील घटकांच्या यादीत हे नाव शोधावे; ‘अमोनियाविरहित’ लिहिले म्हणजे पीपीडी नाही, असे होत नाही. रंग डोक्याला लावला तरी सूज पापण्यांवर दिसते, कारण तेथील त्वचा अतिशय पातळ असते. ही ॲलर्जी बहुधा आयुष्यभर राहते आणि पुढची सूज अधिक मोठी असू शकते, म्हणून ‘एकदा पुन्हा लावून पाहतो’ हा विचार कृपया करू नका. श्वास घेताना त्रास झाला, तर लगेच रुग्णालय गाठावे.

प्रश्न : सासूबाईंनी टाचेच्या भेगांना बिब्बा लावला, त्याने फोड आले. आता आंब्याचा चीकही बाधतो. संबंध आहे का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : आहे. बिब्बा, आंबा आणि काजू एकाच कुळातील झाडे आहेत आणि बिब्ब्याचे तेल, काजूच्या टरफलातील तेल व आंब्याचा चीक यांत एकमेकांशी मिळतीजुळती द्रव्ये असतात. बिब्बा पुन्हा लावू नये आणि काजूची कच्ची बी हाताने फोडू नये. आंबा मात्र कायमचा सोडायची वेळ बहुतेकांवर येत नाही. हे द्रव्य मुख्यतः देठाच्या चिकात आणि सालीत असते, तेव्हा घरातील दुसऱ्या कोणी देठ कापून, चीक निथळून, फळ धुऊन आणि साल काढून दिल्यास गर सहसा चालतो. तोंडाला साल लावून चोखणे मात्र टाळावे, आणि आमरसासाठी आंबे पिळण्याचे काम यंदा घरातील दुसऱ्या कोणाकडे द्यावे.