उजवा कौल आणि अकरा मिलीमीटर

प्रिय बाय,

काल फोनवर रिपोर्ट वाचताना 'संशयित' या शब्दाशी तू अडखळलीस आणि पुढचं न वाचताच म्हणालीस, "बाळाच्या डोक्यात पाणी झालंय." रिपोर्टात तसं लिहिलेलं नाही; बाळाच्या मेंदूतली पोकळी अकरा मिलीमीटर रुंद दिसते, एवढंच आहे. फोन ठेवल्यावर मी नातवाची पट्टी घेतली आणि कागदावर अकरा मिलीमीटरची रेघ मारली, तिच्याखाली दहाची. चष्मा लावूनही फरक जेमतेम कळतो.

मेंदूत पाण्याच्या पोकळ्या सगळ्यांनाच असतात, तुझ्यामाझ्याही. सोनोग्राफीत त्यांची रुंदी एका ठरलेल्या जागी मोजतात. 10 मिलीमीटरच्या आत असली तर काळजी नाही, 10 ते 12 सौम्य, 13 ते 15 मध्यम, 15 च्या वर गंभीर. तुझं बाळ सौम्यात आहे. दुसरं काही सापडलं नाही, तर अशी बहुतेक मुलं चारचौघांसारखीच वाढतात. मात्र हे वाक्य वाचताना त्यातला 'तर' गाळू नकोस.

कारण पुढची सगळी धावपळ त्या 'तर'साठीच आहे. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पट्टा दिसतो का, मागचा छोटा मेंदू आणि कणा नीट आहे का, हे बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी करण्यात मुरलेल्या माणसाने पुन्हा बघायला हवं. तुझ्या रक्तात सीएमव्ही या विषाणूच्या किंवा टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गाची खूण आहे का, तेही बघतील. एमआरआय सांगितला तर घाबरू नकोस, त्यात क्ष-किरण नसतात. पोटातून बारीक सुईने गर्भजल काढून गुणसूत्रं तपासतात. त्यात गर्भपाताचा धोका असतो, पण थोडा. नको वाटलं तर नाही म्हण, फक्त विचारून, समजून म्हण.

खरा पेच दिवसांचा आहे. थोडं थांबलं की चित्र स्पष्ट होतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. तुला आता विसावा आठवडा. 2021 पासून कायद्याने, बाळात गंभीर दोष असण्याचा मोठा धोका असेल तर 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे दोष मोठा असेल तरच, आणि ते राज्याचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. तू तसं काही करावंस असं मी सुचवत नाही, करू नयेस असंही नाही. पण गर्भजलाचा रिपोर्ट यायलाच दोन आठवडे जाऊ शकतात, तेव्हा कॅलेंडरवर आठवडे मांडून ठेव. दार कधी लागतं ते ठाऊक असलेलं बरं.

आणि गर्भपाताच्या संमतीच्या कागदावर सही फक्त तुझी लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्यांची नाही. हे मी का सांगते ते ऐक. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका इस्पितळात माझ्या ड्युटीवर एक बाई होती. तिच्या बाळाचं डोकं मोठं दिसत होतं. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला पॅसेजमध्ये नेऊन सांगितलं, तिला कोणी काही सांगितलं नाही. मी पडद्याअलीकडे सलाईनची बाटली धरून उभी होते. तिने मला विचारलं, "सिस्टर, बरं आहे ना सगळं?" मी म्हटलं, "हो, झोप तू." बाळंतपणानंतर तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्याला आज तीसेक वर्षं झाली. म्हणून, डॉक्टर बोलतील तेव्हा खोलीत तू हवीस आणि प्रश्न तू विचारायचेस. वहीत आधी लिहून ने, तिथे काही आठवत नाही.

सासूबाई देवाला कौल लावू, फूल उजवं पडतं की डावं ते बघू म्हणतात ना? जा की. देवळात अर्धा तास शांत बसणं तुलाही बरं पडेल. मीही लावते, लपवत नाही. पण कौल उजवा झाला म्हणून पुढची तारीख चुकवायची नाही, आणि डावा झाला म्हणून रडत बसायचं नाही. देव काही मिलीमीटर मोजत नाही.

पपई खाल्ली होती, ग्रहणात सुरी धरली होती, स्कूटरवरून फोंड्याला गेले होते, ही यादी तू काल रात्री केली असणार. सगळ्याच करतात. फाडून टाक. यातल्या कशानेही पोकळी रुंदावत नाही.

चवथ, म्हणजे गणपती, तोंडावर आली आहे. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला घर भरेल, "कितवा महिना गो?" म्हणून दहाजणी विचारतील. महिना सांग आणि मोदकांचं सारण ढवळायला आत जा. खरं काय ते नवऱ्याला आणि आणखी एका माणसाला ठाऊक असलं की पुरे. नवऱ्याला रडायला वेळ दे. पुरुष बहुधा गाडी धुवायला लागतात, तेही रडणंच समज.

बुधवारी बांबोळीच्या इस्पितळात मी येते. साडेसातला फोंड्याच्या बसस्टँडवर भेट, पणजीला बस बदलू. जुने सगळे रिपोर्ट आण, तारखेप्रमाणे लावून. उपाशी येऊ नकोस, पेज खाऊन ये. माझ्या पिशवीत पट्टी आहेच.

तुझी,
सिस्टरमावशी