वाचकांचे प्रश्न: रात्र काळी का असते?

या वेळी प्रश्न भरपूर आलेत, सगळे एकदम घेता येणार नाहीत, पण पहिला प्रश्न वाचून इतकं छान वाटलं की त्यालाच जास्त जागा देतोय.

प्रश्न: रात्री अंधार का पडतो? सूर्य मावळतो म्हणून, हे माहितीये. पण आकाशात अब्जावधी तारे आहेत ना, मग सगळ्यांचा मिळून उजेड का पडत नाही?

उत्तर: हा प्रश्न भल्याभल्यांना पडलाय. केप्लरने १६१० मध्ये त्यावर लिहिलं, पुढे १८२३ मध्ये जर्मनीतल्या ओल्बर्स नावाच्या डॉक्टरने, जो खगोलशास्त्रातही तेवढाच मुरलेला होता, तो नीट मांडला आणि त्याच्याच नावाने तो ओळखला जातो.

आता हिशोब बघा. समजा विश्वाला अंत नाही, ते कायमचंच आहे आणि तारे सगळीकडे सारखे पसरलेत. एक तारा दुप्पट लांब नेला तर त्याचा उजेड आपल्यापर्यंत चौपट कमी पोचतो, बरोबर? पण त्या दुप्पट अंतरावर गोल फिरून बघितलं तर तेवढ्याच जाडीच्या थरात तारेही चौपट जास्त सापडतात, म्हणजे कमी-जास्त सगळं फिटलं आणि जवळच्या थरातून जेवढा उजेड येतो तेवढाच लांबच्या थरातूनही यायला हवा. असे थर संपतच नाहीत. मग जिथे बघाल तिथे शेवटी कुठला ना कुठला तारा नजरेला आडवा येणारच, आणि सगळं आकाश सूर्याच्या पृष्ठभागासारखं तळपायला हवं.

काहीजण म्हणतात मधे धूळ असते, ती उजेड अडवत असेल. ओल्बर्सलाही असंच वाटलं होतं. पण ते टिकत नाही, कारण धूळ उजेड शोषत राहिली की तापणार आणि तापली की स्वतःच चमकायला लागणार.

खरं कारण आहे विश्वाचं वय. विश्व साधारण १३८० कोटी वर्षांचं आहे आणि प्रकाशाचा वेग कितीही मोठा म्हटला तरी सेकंदाला ३ लाख किलोमीटरच, त्यामुळे फार लांबच्या ताऱ्यांचा उजेड अजून आपल्याकडे यायचाच आहे. शिवाय तारेही कायम जळत नाहीत, त्यांचंही इंधन संपतं. म्हणजे बाहेर जाऊन नुसतं वर बघितलं, आकाश काळं दिसलं, तर विश्व आहे तसंच अनंत काळापासून चालत आलेलं नाही याचा पुरावा डोळ्यासमोर असतो, आणि त्याला दुर्बीणही लागत नाही! मला विज्ञानातली ही फार आवडती गोष्ट वाटते.

आणि तो काळोख पूर्ण काळा नाहीच. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सगळीकडे ३००० अंशांच्या आसपास तापलेला वायू होता, त्याचा उजेड अजून येतोय, फक्त मधल्या काळात विश्व प्रसरण पावत गेलं तशी त्याची तरंगलांबी ११०० पट ताणली गेली आणि तो आता मायक्रोवेव्ह झालाय, डोळ्यांना न दिसणारा, उणे २७० अंशांइतका थंड. १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमधल्या पेंझियास आणि विल्सन यांना त्यांच्या अँटेनात एक खरखर सापडली, दिवस-रात्र, कुठल्याही दिशेने, सारखीच. अँटेनात कबुतरांनी घर केलं होतं, ती हटवली, घाण साफ केली, तरी खरखर जाईना. ती याच उजेडाची होती. १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

प्रश्न: मग आपल्याला दिसणारे बरेचसे तारे केव्हाच संपलेले असतात, हे खरं का?

उत्तर: नाही, हे उगाच पसरलंय. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले आहेत, म्हणजे त्यांचा उजेड आपल्यापर्यंत यायला फार तर काही हजार वर्षं लागतात. व्याध तर फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर. ताऱ्यांचं आयुष्य लाखो ते अब्जावधी वर्षांचं, त्यापुढे हजारभर वर्षं म्हणजे काहीच नाही. निर्धास्त बघा, ते आहेत.

प्रश्न: एकाच खोलीत ठेवलेलं लोखंड लाकडापेक्षा गार का लागतं?

उत्तर: दोघांचं तापमान सारखंच असतं, थर्मामीटर लावून बघा. आपली त्वचा वस्तूचं तापमान मोजतच नाही, ती स्वतः किती झपाट्याने गार होतेय ते सांगते. लोखंड लाकडाच्या शेकडो पट सहज उष्णता वाहून नेतं, म्हणून हात लावला की बोटातली उष्णता भराभर ओढून घेतं. घरी करून बघा: बर्फाचे दोन सारखे खडे घ्या, एक जाड धातूच्या भांड्यावर ठेवा, एक लाकडी पाटावर. हाताला जे गार लागत होतं त्या धातूवरचाच बर्फ आधी वितळतो, कारण इथे उष्णता उलट्या बाजूने, भांड्याकडून बर्फाकडे धावते.

प्रश्न: अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून अंतराळवीर तरंगतात ना?

उत्तर: असतं, आणि चांगलं भरपूर असतं. स्थानक जेमतेम ४०० किलोमीटर वर आहे, तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के आहे. गंमत अशी की स्थानक सतत पडतच असतं. दर सेकंदाला ते साधारण ४.३ मीटर खाली येतं, पण त्याच सेकंदात साडेसात किलोमीटरहून जास्त पुढे जातं, आणि तेवढ्या अंतरात गोल पृथ्वीही जवळजवळ तेवढीच खाली वळलेली असते, त्यामुळे पडूनही जमीन जवळ येत नाही. आतली माणसं, पेनं, पाण्याचे थेंब सगळे बरोबरच पडताहेत, कोणाला कोणाचा आधार लागत नाही, म्हणून तरंगल्यासारखं होतं. स्थानक तिथेच एका जागी थांबवलं तर ते सरळ खाली येईल.