मत्तय 19 : ‘विकून दे’ म्हणजे खरंच विकून दे?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकट्या भावाने बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातला श्रीमंत तरुणाचा प्रसंग वाचला (सार्वकालिक जीवन कसं मिळेल असं विचारणाऱ्या तरुणाला येशू सांगतो, आपली मालमत्ता विकून गरिबांना दे, आणि तो खिन्न होऊन निघून जातो) आणि आपल्या वाट्याची जमीन विकून पैसे गरिबांना वाटायचं मनावर घेतलं. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, वडीलधारी माणसं म्हणतात, ‘अरे, तो आध्यात्मिक अर्थ आहे, मनातून मोह काढ म्हणजे झालं.’ भाऊ म्हणतो, ‘प्रभूने विकून दे म्हटलंय, म्हणजे विकून दे.’ आईचं औषधपाणी तुम्हा दोघांवर आहे. खरं कोणाचं, असं तुम्ही विचारताय. मी गेली बरीच वर्षं बायबल अभ्यास घेतो, आणि या अध्यायाने मला जेवढं छळलंय तेवढं दुसऱ्या कुठल्याच नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ‘शब्दशः’ या शब्दाचा घोळ मिटवू. 13 व्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने हे फार नीट मांडलंय. शास्त्रात ‘देवाचा हात’ येतो तेव्हा देवाला पंजा आणि बोटं आहेत हा त्याचा शब्दार्थ नव्हे. हात या शब्दाने जे सांगायचंय, म्हणजे देवाचं सामर्थ्य, तोच शब्दार्थ. ‘या कामाला अनेकांचे हात लागले’ असं आपण म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला बरोबर समजतं. आणि त्याच जागी थॉमस म्हणतो की बाकीचे सगळे अर्थ या शब्दार्थावरच उभे असतात. म्हणजे आत्मिक अर्थ हा वरचा मजला आहे, पळून जायचं मागचं दार नाही.

आता तुमचा वाद. हा नवा नाही, इजिप्तमध्ये अठराशे वर्षांपूर्वी झालेला आहे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती शिक्षकाने हाच प्रसंग मार्कच्या शुभवर्तमानातून घेऊन एक पुस्तिका लिहिली : कोणत्या श्रीमंताचं तारण होईल? त्याचं उत्तर तुमच्या वडीलधाऱ्यांसारखंच आहे. टाकायची ती हाव, पैशाची काळजी, पैशाचं वेड. पण त्याचा मुद्दा पोकळ नाही. तो विचारतो की सगळ्यांनीच सगळं टाकून दिलं तर भुकेल्याला खायला आणि उघड्याला कपडा कोण देणार? तीही प्रभूचीच आज्ञा आहे. त्याच्या लेखी पैसा हे हत्यार आहे, आणि ते चालवायचं ते दुसऱ्यासाठी. आपल्याकडे क्लेमेंटचं पहिलं वाक्य ऐकवतात आणि दुसरं गाळतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पुढे त्याच इजिप्तमध्ये अँटनी झाला. आईबाप वारलेले, वय अठरा-वीस, घरात एक लहान बहीण. चर्चमध्ये हेच वचन वाचलं जात होतं आणि त्याला वाटलं, हे माझ्यासाठीच वाचलंय. बाहेर पडला आणि वडिलोपार्जित 300 अरूरा सुपीक जमीन, म्हणजे आपल्या हिशोबाने सुमारे 200 एकर, गावकऱ्यांना देऊन टाकली. घरातलं सामान विकून पैसे गरिबांना वाटले, बहिणीपुरतं थोडं ठेवलं. पुन्हा एकदा चर्चमध्ये ‘उद्याची चिंता करू नका’ हे ऐकलं आणि तेही वाटून टाकलं. बहिणीला ओळखीच्या, विश्वासू कुमारिकांच्या हवाली केलं आणि स्वतः तपश्चर्येला लागला. ख्रिस्ती संन्यासाची मोठी परंपरा या माणसाकडे बघून वाढली. त्याला वेडा म्हणायची माझी हिंमत नाही. पण अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने लिहिलेलं हे चरित्र वाचताना माझं लक्ष दरवेळी त्या बहिणीकडे जातं. तिला काय वाटलं, याबद्दल तिथे एक ओळ नाही. पुढे म्हातारपणी दोघं भेटली, तोवर ती स्वतः इतर कुमारिकांची प्रमुख झाली होती, एवढं येतं.

याच अध्यायात, थोडं वर, 12 वं वचन आहे : स्वर्गाच्या राज्यासाठी ज्यांनी स्वतःला नपुंसक करून घेतलं ते. चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस सांगतो की ओरिजेन या बायबल-पंडिताने तरुणपणी हे अक्षरशः स्वतःच्या शरीरावर करून घेतलं. काही अभ्यासक या हकिकतीवर शंका घेतात. पण मत्तयवरच्या स्वतःच्या भाष्यात ओरिजेन हे वचन देहावर लावणाऱ्यांना चूक ठरवतो, हे त्याच्याच लेखणीतून आलेलं आहे. गंमत नव्हे, मोठी शिकवण आहे यात : शास्त्राला शरीर, जीव आणि आत्मा असतो असं मांडणाऱ्या या माणसाने हिब्रू आणि ग्रीक पाठ सहा रकान्यांत शेजारी शेजारी लावून ताडून पाहिले. आत्मिक अर्थाचा हा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता, आणि आयुष्यभर अक्षर न् अक्षर तपासत बसला.

उलट आपण काय करतो ते पाहा. 24 व्या वचनातला उंट आणि सुईचं नाक : श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं. जेरुसलेमात ‘सुईचं नाक’ नावाचा बुटका दरवाजा होता, उंट ओझं उतरवून गुडघ्यावर बसून आत जायचा, हे प्रवचनात तुम्ही नक्की ऐकलं असेल. येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. आणि तसा तो असता, तर शिष्य हबकून ‘मग कोणाचं तारण होणार?’ असं कशाला म्हणाले असते? पुढे प्रभू ‘माणसांना हे अशक्य आहे’ असंच सांगतो. तो दरवाजा श्रीमंतांच्या सोयीसाठी उभारलेला आहे.

मग अर्थ बरोबर की चूक हे ओळखायचं कसं? मी प्रेषित पौलाकडे बघतो. मोशेच्या नियमशास्त्रात आहे, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. आमच्या आजोळी खळ्यावर बैलांची पात धरलेली मी लहानपणी पाहिली आहे. तिवड्याभोवती फिरता फिरता बैल मान खाली घालून कणसांना तोंड लावायचा आणि आजी म्हणायची, खाऊ दे रे, त्याच्याच कष्टाचं आहे. पौल करिंथकरांना लिहिताना तेच वचन राबणाऱ्या माणसाच्या मोबदल्याला लावतो. हा आत्मिक अर्थच आहे, पण त्याने जबाबदारी वाढली : बैलालाही चारा आणि गड्यालाही मजुरी. ज्या अर्थाने माझ्यावरचा भार हलका होतो, तो मी आधी बाजूला ठेवतो. आणि जो शब्दशः अर्थ माझ्यापेक्षा दुसऱ्याच्याच खिशातून वसूल होतो, तोही.

म्हणून तुमच्या वडीलधाऱ्यांना माझं विचारणं आहे, मोह मनातून काढला म्हणता, तर त्यातून यावर्षी कोणाच्या पोटात दोन घास गेले?

आणि भावाला सांगा, शब्दशः वाचतोस ना, मग सगळंच शब्दशः वाच. 21 व्या वचनात ‘विकून दे’ आहे, पण 19 व्यात ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ हेही प्रभूनेच त्या तरुणाला सांगितलंय. मार्कच्या सातव्या अध्यायात तो आणखी कडक बोलतो : आईबापाला लागणारं ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण झालेलं, असं म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांची तो चांगलीच कानउघाडणी करतो. शिवाय वचन ‘आपली मालमत्ता’ म्हणतं. सातबारावर आईचं आणि तुमचं नाव असेल तर तेवढी जमीन त्याने देऊन टाकायची नाहीच.

तेव्हा दोघं एकत्र बसा आणि 16 ते 22 ही वचनं मोठ्याने वाचा. आईच्या औषधांचा, घरखर्चाचा आकडा कागदावर मांडा आणि तेवढी सोय आधी लावा. त्यानंतर स्वतःच्या वाट्याचं उरलेलं त्याला द्यायचं असेल तर त्याला अडवू नका, मंडळीतल्यांनाही अडवू देऊ नका. पण तुम्हाला काय वाटतं ते त्याला आधी सांगा, अँटनीच्या बहिणीला कोणी विचारलं नव्हतं.