किराण्यासाठी सीमेपार?

प्रश्न : मुलगी झुरिकला असते. दर पंधरवड्याला किराणा आणायला रेल्वेने जर्मनीत कॉन्स्टान्झला जाते. हा खटाटोप परवडतो का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, परवडतो, पण हिशेब नीट मांडला तर. भाच्याकडे राहिले होते तेव्हा मीही गेले होते. स्वित्झर्लंडमध्ये मजुरी जास्त, शेतमालावर आयातशुल्क. त्यामुळे मांस, चीज फार महाग. शिवाय जर्मनीतला कर परत मिळतो : बहुतेक खाद्यपदार्थांवर ७ टक्के, साबण-शाम्पूवर १९. मात्र बिल ५० युरोंच्या वर हवं आणि सीमेवर हिरव्या कागदावर शिक्का. भाचा तो कागद पासपोर्टात घडी घालून जपायचा. पुढच्या खेपेला दुकानात पैसे मिळायचे.

एक मात्र तिला जरूर सांगा. १ जानेवारी २०२५ पासून स्वित्झर्लंडने माणशी करमुक्त मर्यादा ३०० फ्रँकवरून १५० वर आणली आहे. ती ओलांडली की सगळ्याच खरेदीवर स्विस कर बसतो. मांसही शुल्काविना माणशी रोज १ किलोच.

आपण कोथरूडहून मार्केट यार्डात जातो ते गोणीभर कांद्यांसाठी, मेथीच्या दोन जुड्यांसाठी नाही. तिला तिकिटाचे पैसे आधी वजा करायला सांगा.