मोबाईलवर पावसाचे फोटो नुसते राखाडी येतात. घराजवळच काय आणि कसं टिपावं?

पडणाऱ्या पावसामागे धावण्याआधी पडून गेलेला पाऊस बघा. माझी पहिली पसंती अळूला. कुंडीत, परसात, मोरीच्या पाण्यावर कुठेही वाढतो. त्याच्या पानावर मेणाचा थर आणि अतिसूक्ष्म उंचवटे असतात, म्हणून पाणी पसरत नाही, मोत्यासारखं गोल होऊन घरंगळतं. जवळ जाऊन स्क्रीनवर दिसणाऱ्या थेंबावर बोट टेकवून फोकस करा. थेंब भिंगाचं काम करतो, मागचं झाड किंवा खिडकी त्यात उलटी दिसते. वारा असेल तर देठ हलकेच धरा (धक्का लागला की मोती गेलाच!).

धाराच हव्या असतील तर उजेड पावसाच्या मागून यायला हवा आणि पार्श्वभूमी गडद हवी: ओलं खोड, शेवाळलेली भिंत. प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची सेटिंग स्वतः बदलता येतात तो मोड) शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवलं तर थेंब बरेचसे थिजतात, १/३० ला त्यांच्या रेघा होतात. फ्लॅश मात्र बंद ठेवा, नाहीतर जवळचे थेंब चमकून फोटोभर पांढरे ठिपके उमटतात.

एसीच्या खोलीतून थेट बाहेर आलात तर लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, दोन-चार मिनिटं थांबा, आपोआप जाते.